भाड्याची महाराणी

आल्बिनाने पंख्याच्या टोकाने त्या माणसाची बोटं आपल्या कमरेवरून खाली ढकलली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. माणूसही हसला. त्याच्या तोंडाला बियरचा आणि खारवलेल्या मासळीचा वास येत होता. बोटं पुन्हा होती तिथेच आली. या खेपेला तिने पंखा जरा जोरात हाणला.

"महाराणी रागावल्या!" तो बायकोला ओरडून म्हणाला.

बायकोला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने आणखी एक फोटो काढून घेतला.

ती दोघं गेल्यावर आल्बिनाने हातमोज्याने कमरेजवळचा झगा पुसला. तिथे तेलकट डाग पडला होता. तो आत्ताचा की मागच्या रविवारचा, हे सांगणं कठीण होतं, कारण झग्यावर असे डाग सगळीकडे होते. सोनेरी वेलबुट्टीमुळे ते लांबून दिसत नसत इतकंच. लांबून काय, सगळंच छान दिसतं. लिंडेनच्या झाडांच्या रांगेपलीकडे निळापांढरा राजवाडा छान दिसत होता, तळ्यातलं त्याचं प्रतिबिंब छान दिसत होतं. जवळ गेलं की पाण्यावर तरंगणारे पावाचे भिजके तुकडे आणि आइस्क्रीमचे कागद दिसायचे. बदकंसुद्धा आता त्या पावाला तोंड लावत नव्हती.

"गिऱ्हाइकाला मारतेस कशाला?" बाकावरून व्लादलेन म्हणाला. "हात लावला तर झिजलीस का तू?"

"पुढच्या वेळी तुला लावायला सांगते."

"मला कोण लावणार!" व्लादलेन म्हणाला, आणि काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून त्याने डोळे मिटले.

व्लादलेन सम्राट होता. उंच, तीन कोनांची टोपी, चिकटवलेली मिशी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. एके काळी तो कुठल्याशा फिरत्या नाटक मंडळीत होता म्हणे. तो ज्या सम्राटाचं सोंग घ्यायचा तो मेला, तेव्हा आल्बिना जिचं सोंग घ्यायची ती महाराणी जन्मालासुद्धा आलेली नव्हती. पण बागेत दोघं जोडीने उभी राहायची, आणि लोक त्यांच्यामध्ये घुसून दोन्हीकडे हात टाकायचे. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात घालवलेल्या आल्बिनाला पहिल्या उन्हाळ्यात हे सोसवत नसे. "हे माझे पती नव्हेत बरं का," असं ती हौसेने सांगायला जायची. "मग काय, ठेवलेला?" असं विचारून लोक खिदळायचे. पुढे तिने सांगणं सोडलं. शाळा बंद पडलेली, पेन्शन एवढीशी. कोण कुणाचा पती याची चर्चा करण्यात काय अर्थ होता?

राजवाड्याशी त्या दोघांचा काडीचा संबंध नव्हता. झगा, केसांचा टोप, मुकुट सगळं एका माणसाकडून हंगामभरासाठी भाड्याने घेतलेलं. टोपाला आतून आधीच्या कुणा महाराणीच्या घामाचा वास येत होता. ती कोण होती, कुठे गेली, कुणालाच माहीत नव्हतं. दर सकाळी तो टोप डोक्यावर चढवताना आल्बिना श्वास रोखून धरायची.

शनिवारभर पाऊस झाला होता, त्यामुळे आज रविवारी सगळं पीटर्सबर्ग शहर बागेत येऊन पडलं होतं. पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर पोरं चढवून आया फोटो काढत होत्या. एका संगमरवरी देवीच्या हातात कुणीतरी सॉसेजची अर्धी खाल्लेली काडी खोचली होती, आणि जाणारा येणारा ती बघून हसत होता. पुलापाशी नवरानवरींच्या जोड्या रांग लावून उभ्या होत्या. वऱ्हाडी मंडळी "कडू! कडू!" ओरडत होती, म्हणजे वाइन कडू लागते, आता मुका घेऊन ती गोड करा. आल्बिनाच्या डोळ्यांदेखत एक नवरदेव झुडपामागे जाऊन ओकून आला आणि त्याच तोंडाने त्याने बायकोला गोड केलं. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. आल्बिनाने पंखा तोंडासमोर धरला, तर पंख्यालाही पावडरीचा कुबट वास.

तिला या सगळ्याचा वीट आला होता, आणि हे ती घरी मोकळेपणी बोलायची. संध्याकाळी स्वयंपाकघरात टबातल्या गरम पाण्यात पाय सोडून ती दिवसभराची घाण ओकून टाकायची. मिलेना, तिची मुलगी, शहरात राहायला जाण्यापूर्वी हातात टॉवेल घेऊन ते सगळं ऐकायची. कधी हसायची, कधी नाक मुरडायची. तिच्याशिवाय हे ऐकायला दुसरं होतं तरी कोण?

गेल्या आठवड्यात मिलेनाचा फोन आला होता.

"आई, या शनिवारी बागेत येऊ नकोस."

"का गं?"

"गेर्मानची आई येतेय कोत्लासहून. तिला राजवाडा बघायचाय."

"मग बरंच झालं की! घरीच आण त्यांना. मी कोबी भरून पिरोग भाजते."

"आई, तू कझानला आहेस."

"कोण?"

"तू. परिषदेला गेली आहेस. बुधवारपर्यंत."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. गेर्मानची नवी ओळख झाली तेव्हा मिलेनाने सांगितलं होतं की आपली आई राजवाड्यात संशोधक आहे. त्यात खोटं ते काय? राजवाड्यापाशीच असतेस ना? इतिहासच ना? पुढे गेर्मानने ते, आल्बिनाला अजून न भेटताच, आपल्या आईला सांगितलं, आईने कोत्लासभर सांगितलं, आणि आता ते परत घ्यायची सोय उरली नव्हती. ऑगस्टमध्ये लग्न होतं. लग्नासाठी मिलेनाने आईला करडा सूट हेरून ठेवला होता, बारीक काड्यांचा चष्मासुद्धा. लग्न होऊ दे, मग मी स्वतःच सांगेन, ती म्हणाली. हसत हसत सांगेन, सगळ्यांसमोर.

"बरं," आल्बिना म्हणाली होती. आणि मग, पोरीला अवघड वाटू नये म्हणून, "कझानला हवा कशी आहे?"

मिलेना सुटल्यासारखी हसली होती. फोन ठेवल्यावर आल्बिनाला त्या हसण्याची नाही, स्वतःच्या त्या विनोदाची शिसारी आली. आपल्याला नाकारणाऱ्या माणसाला आपणच पाट मांडून द्यायचा! पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जास्त दुखत होतं. तिला फक्त एकच गोष्ट हवी होती. मिलेनाने कधीतरी, एकदा तरी, परक्या माणसांसमोर तिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, ही माझी आई. झग्यात असू दे नाहीतर सुटात. त्याआधी ती त्या करड्या सुटात शिरायला तयार नव्हती, आणि शिरली नाही तर लग्नाला जाणं होणार नाही, हेही तिला कळत होतं.

शनिवारी पडदे ओढून ती इमानेइतबारे कझानला राहिली. दिवसभर पाऊस कोसळला. आज सकाळी ऊन पडलं तशी ती टोप चढवून बागेत आली.

पावसामुळे मिलेनाने बेत रविवारवर ढकलला होता. ते आईला कळवायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आल्बिनाला हे कळलं ते लिंडेनच्या रांगेतून तिघांना चालत येताना पाहिल्यावर. पुढे मिलेना, झाडांकडे हात करून काहीतरी सांगत. मागे गेर्मान, हातावर कोट टाकलेला. मध्ये एक ठेंगणी, रुंद बाई, फुलाफुलांच्या फ्रॉकवर लोकरीचं जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. प्रत्येक पुतळ्यापाशी ती थांबत होती आणि त्याला वाकून बघत होती, एखाद्या आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखी.

मिलेनाने तिला पाहिलं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण वाक्य अर्ध्यावर तुटलं. आल्बिनाने लगेच पाठ फिरवली. जातील, ती मनात म्हणाली. तळ्याच्या बाजूने जातील.

पण व्लादलेनला झोपेतसुद्धा गिऱ्हाईक कळायचं.

"या, या!" तो काठी आपटत ओरडला. "महाराणी दर्शन देताहेत! पुन्हा दोनशे वर्षं योग नाही!"

"अगं बाई!" ती ठेंगणी बाई थबकली. "गेर्मान, बघ तरी! महाराणी!"

"आई, चल. हे पर्यटकांसाठी असतं."

"मग मी कोण? आगगाडीत बसून आलेय, पर्यटकच की."

"फाईना प्रोखोरोव्ना, जवळ जाऊ नका हो," मिलेना घाईने म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा उंच लागला होता. "हे लोक फार चिकट असतात, एकदा धरलं की सोडत नाहीत. आणि ते कपडे बघा. उन्हाळाभर धुतलेले नसतात. टोपात तर काय काय असतं देव जाणे. तो वास आपल्या अंगाला लागतो, दोनदा आंघोळ केली तरी जात नाही."

शब्द न् शब्द आल्बिनाचा होता. टबात पाय सोडून, घरच्या माणसाशी म्हणून बोललेला. तोच आता उचलून तिच्या तोंडावर फेकला गेला होता. तिला मुलीची किळस आली. या उन्हाळ्यांत तिला पुष्कळ गोष्टींची किळस आली होती, पण पोटच्या पोरीची येऊ शकते हे माहीत नव्हतं. हात आपोआप टोपाकडे गेला. टोप काढायचा, त्यांच्या पायाशी टाकायचा, आणि म्हणायचं, मिलेना, घरी चल.

तेवढ्यात तिचं लक्ष गेर्मानकडे गेलं. त्याने दाढी करताना गालाला कापून घेतलं होतं. आईला राजवाडा दाखवायचा म्हणून त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि मिलेना काय बोलतेय यापेक्षा आई कुठे अडखळत तर नाही ना, याकडे त्याचं लक्ष होतं. मुलगा चांगला होता. आल्बिनाने हात खाली घेतला.

"जवळ या," ती महाराणीच्या आवाजात म्हणाली. "आम्ही चावत नाही."

फाईना प्रोखोरोव्ना खळखळून हसली आणि तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"धरू का हाताला?"

"धरा."

"अगो, हात किती तापलाय! मोज्यातूनसुद्धा लागतोय." ती फोटोचं विसरूनच गेली. "कधीपासून उभ्या आहात या उन्हात? पाणीबिणी प्यालात का काही?"

बागेत इतकी माणसं येऊन गेली, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. फाईना प्रोखोरोव्नाने तोवर पिशवीतून बाटली काढून झाकण उघडलं होतं.

"क्रॅनबेरीचं सरबत आहे, घरचं. प्या. बाटलीला तोंड लावलं तरी चालेल."

"आई!" गेर्मान म्हणाला.

"काय आई? माणूस आहे की नाही ती?"

आल्बिना प्यायली. सरबत आंबट आणि गार होतं. बाटलीच्या तोंडाला लिपस्टिकचा लाल डाग लागला, तो फाईना प्रोखोरोव्नाने अंगठ्याने पुसला आणि झाकण लावलं. मिलेनाने मान दुसरीकडे वळवली.

"आमच्या राज्यात कुठून येणं केलंत?" आल्बिनाने विचारलं. आवाज पुन्हा सापडला होता.

"कोत्लासहून. शाळेच्या भटारखान्यात असते मी. पोरांचा रस्सा ढवळते. हा माझा गेर्मान, एकुलता एक. आणि ही आमची होणारी सून."

आता मिलेनाकडे बघणं भाग होतं. आल्बिनाने बघितलं. पंखा मिटला.

"नाव काय, पोरी?"

मिलेनाच्या गळ्याजवळची शीर उडत होती.

"मिलेना."

"ऐकू आलं नाही."

"मिलेना!"

"आणि कुणाची तू?"

प्रश्न साधा होता. गावाकडच्या म्हाताऱ्या प्रत्येक पोराला थांबवून हेच विचारतात. मिलेनाने गेर्मानकडे बघितलं, मग राजवाड्याकडे.

"मी इथलीच," ती म्हणाली.

"हिची आई मोठी विदुषी आहे हो," फाईना प्रोखोरोव्ना मध्येच अभिमानाने म्हणाली. "याच राजवाड्यात असते. तुम्ही पाहिलंही असेल. आत्ता कझानला गेलीय, परिषदेला. भेट हुकली. खरं सांगू का महाराणी, एका परीने सुटल्यासारखंच वाटलं मला. एवढी शिकलेली बाई, मी काय बोलणार तिच्याशी? रस्स्यात मीठ किती घालतात ते?"

"तिला ऐकायला आवडेल," आल्बिना म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"महाराणीला सगळं माहीत असतं."

व्लादलेन खो खो हसला. गेर्मानलाही हसू आलं. तो आता जरा सैलावला होता, आणि फोटो काढायला मोबाइल हातात घेऊन उभा होता. मिलेना पुढे झाली.

"पुरे ना आता. राजवाड्यात आत सोडायची वेळ संपेल. फाईना प्रोखोरोव्ना, चला, सोनेरी दालन राहून जाईल."

"दालन काय पळून जातंय? थांब, इकडे ये." फाईना प्रोखोरोव्नाने तिला खांद्यांना धरून महाराणीसमोर उभं केलं. "आई भेटली नाही, तर महाराणीचाच आशीर्वाद घेऊन टाकू. काय हरकत आहे? बघा महाराणी, कशी आहे आमची निवड!"

आई आणि मुलगी एका हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. मिलेनाच्या केसांना तोच जुना कॅमोमाइलच्या साबणाचा वास होता, घरचा. ती आईच्या डोळ्यांत बघत नव्हती. मुकुटातल्या काचेच्या खड्याकडे बघत होती.

"नुसतं सोनं आहे," फाईना प्रोखोरोव्ना सांगत होती. "कातडी बघा, लोणी! दात बघा, एक किडलेला नाही. आणि प्रकृती म्हणाल तर ठणठणीत. मी विचारलंच तिला, आमच्याकडे थंडी फार, छातीबितीचं काही आहे का? तर म्हणते, आजवर एकदाही—"

पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत महाराणीचं तोंड डाव्या खांद्याकडे वळलं होतं. थू थू थू. त्यासरशी मोजा घातलेली मूठ बाकाच्या लाकडी पाठीवर पडली होती, ठक ठक ठक, जोरात, बोटांना लागेल इतक्या जोरात.

विचार करून केलेलं नव्हतंच ते. लहानपणी मिलेनाला दर हिवाळ्यात छातीचा त्रास व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी "आता बरी आहे हो" म्हणायचा अवकाश, आल्बिना खांद्यावरून थुंकून लाकूड शोधायची. टेबल, दार, जे हाताला लागेल ते. कुणी पोरीला गोड म्हणो, गुटगुटीत म्हणो, दृष्ट लागायच्या आत हे करायचंच. परक्याच्या पोरीचं कुणी कितीही कौतुक केलं तरी आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. असं दचकून लाकडाकडे कुणी धावत नाही.

लिपस्टिक हनुवटीवर ओघळली होती. थुंकीचे दोन थेंब व्लादलेनच्या बाहीवर उडाले होते.

"शी!" मिलेना मागे सरकली. "थुंकतात कसल्या! किती घाणेरडं! बघितलंत ना? म्हणून म्हणत होते मी!"

गेर्मानला नुसती गंमत वाटली होती. "आमच्या आजीसारखं केलं," तो हसत म्हणाला, आणि काढलेला फोटो हलला का ते बघू लागला.

फाईना प्रोखोरोव्ना हसली नाही. तिने महाराणीच्या तोंडाकडे बघितलं. पावडरीला घामाच्या भेगा पडल्या होत्या, त्यांतून खालची कातडी लाल दिसत होती. ती बाकाच्या पाठीवर अजून मिटून ठेवलेल्या मुठीकडे बघत राहिली. मग मिलेनाकडे वळली आणि तिच्याकडेही तितक्याच सावकाशीने बघितलं. पुतळे बघत होती तसंच.

"मिलोच्का," ती म्हणाली, "आई कधी येणार म्हणालीस?"

आवाजात काही नव्हतं. राग नाही, कुजकेपणा नाही. जेवायला कधी बसायचं हे विचारावं तितक्याच सहज तिने विचारलं होतं. पण मिलेनाला कळलं. तिचे कान लाल झाले. आल्बिनालाही कळलं. म्हण, ती मनात म्हणत होती. आत्ता म्हण. दार उघडून धरलंय त्या बाईने, नुसतं आत यायचंय.

पुलाकडून "कडू! कडू!" असा ओरडा आला. कुणीतरी बाटलीचं बूच उडवलं.

"बुधवारी," मिलेना म्हणाली.

"बुधवारी का?"

"हो. सकाळच्या गाडीने."

आल्बिनाने पंखा उघडला आणि वारा घेऊ लागली. घशाशी सरबत आंबट होऊन आलं होतं, ते तिने गिळलं.

फाईना प्रोखोरोव्नाने मान हलवली. "गेर्मान, उद्याचं माझं तिकीट परत कर. मी बुधवारपर्यंत थांबते."

"अगं आई, तुझी रजा?"

"रस्सा ढवळायला आणखीही बायका आहेत कोत्लासमध्ये."

"पण फाईना प्रोखोरोव्ना," मिलेना म्हणाली. "ती... ती थकलेली असेल हो. एवढ्या प्रवासातून येणार म्हणजे..."

"थकलेली तर असेलच," फाईना प्रोखोरोव्ना म्हणाली. हे म्हणताना ती मिलेनाकडे बघत नव्हती.

मग तिने पिशवी गेर्मानकडे दिली, दोन्ही हातांनी आल्बिनाचे खांदे धरले, टाचा उंचावल्या आणि तिचे मुके घेतले. एका गालावर, दुसऱ्या गालावर, पुन्हा पहिल्या गालावर. बागेत फिरायला आलेली माणसं सोंगातल्या महाराणीला असं करत नाहीत. फोटोसाठी गालाला गाल लावल्यासारखं करतात आणि लगेच बाजूला होऊन तोंड पुसतात. ही बाई घाईत नव्हती. तिच्या अंगाला आगगाडीचा, कांद्याचा आणि उन्हात तापलेल्या लोकरीचा वास येत होता, आणि सबंध दिवसात आल्बिनाला पहिल्यांदाच कुठल्या वासाने मळमळलं नाही.

ती बाजूला झाली तेव्हा तिच्या गालावर पांढरी पावडर आणि लाल रंग माखला होता.

"थांबा, पुसून देते." मिलेनाने पर्समधून ओला कागद काढला. "काय काय लागलंय तुम्हाला!"

"राहू दे."

"सगळे बघतील हो."

"बघू देत." फाईना प्रोखोरोव्नाने मुलाच्या दंडाला धरलं. "चल, दाखव तुझं सोनेरी दालन."

दोघं निघाली. मिलेना ओला कागद हातात धरून उभी राहिली. ती आईकडे बघत होती, पहिल्यांदाच सरळ. तिने तोंड उघडलं, पण गेर्मानने मागे वळून हाक मारली आणि ती गेली. चार पावलं चालल्यावर धावायलाच लागली.

व्लादलेन बाही झटकत उठला.

"पैसे न घेताच सोडलंस? तीन माणसं! थुंकायचे वेगळे लावले असते मी." तो लिंडेनच्या रांगेकडे बघत राहिला. "कोण होती ती बाई?"

"विहीण," आल्बिना म्हणाली.

"कुणाची?"

"माझी."

व्लादलेनने मिशी दाबून नीट बसवली. तीन उन्हाळे तिच्या शेजारी उभा असूनही तिच्या घरचं कुणी त्याने पाहिलेलं नव्हतं.

"आणि ती पोरगी? नाक मुरडत होती ती? ती कोण तुझी?"

पुलाकडची एक वरात आता त्यांच्या दिशेने येत होती. नवरी झगा गुडघ्यापर्यंत उचलून चिखलातून चालत होती आणि कुणीतरी मागून "महाराणी! महाराणी!" ओरडत होतं. आल्बिनाने हनुवटीवरचा लाल रंग मोज्याने पुसला.

"ते बुधवारी कळेल," ती म्हणाली.